घासूनपुसून परत आलेली बंदूक

करी, किंग आयलंड
९ ऑगस्ट १९९३

ती. बेरिलताईस,
नोरीनचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र का लिहिते म्हणून डोळे वटारू नकोस. आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आणि तुझा धाकटा भाऊ दिवसभर त्याच्याच खाली खुर्ची टाकून बसलेला. तू विचारतेस डेस कसा आहे, मी म्हणते बरा आहे, हवा खराब आहे. हवा आमच्याकडे बारा महिने खराबच असते, तेव्हा तेवढं तरी खोटं नाही.

डेस बरा नाही, ताई. तीन आठवडे झाले, तो किनाऱ्यावर गेलेला नाही. दोन वादळं येऊन गेली, आम्ही वाळवून विकतो ते समुद्री शेवाळ ढिगाने वाहून आलं. एरवी हा माणूस ताटावरून उठून ट्रक काढतो, आता बूटसुद्धा चढवत नाही. झोप नाही, अन्नावर वासना नाही. परवा म्हटलं, अरे दाढी तरी कर, तर माझी माफी मागितली. सारखी माफी मागतो. काल कुत्र्याचीही मागितली.

शेजाऱ्यांचं तुला ठाऊकच आहे. इथे कोणी काही विचारत नाही, करून मोकळे होतात. मर्व स्वतःचं शेवाळ ओढून झालं की आमच्या वाटचंही ओढतो आणि आमच्या दांड्यांवर वाळत घालतो. त्याची जॉयस एक दिवसाआड मटणाचं भांडं दारात ठेवून जाते. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला आमचं सगळं कसं छान चाललंय.

डॉक्टर प्रिंगलनी गोळ्या दिल्यात. शुक्रवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, गोळ्यांना वेळ लागेल, त्याआधीच बर्नीच्या इस्पितळात मनोरुग्णांच्या वॉर्डात ठेवायची वेळ आली असं वाटलं तर लगेच सांगा. म्हणजे मी सांगायचं! शाळेच्या कँटीनमध्ये सँडविच करणाऱ्या बाईने! आणि लग्नाआधी डेसने माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं, काहीही झालं तरी मला आईसारखं उचलून नेऊ द्यायचं नाही. तुमच्या आईला वेड्यांच्या इस्पितळात नेलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता, तू चौदाची. तुला सगळं आठवत असेल. वेळ आली हे कसं ओळखायचं, तूच सांग बाई. मी फार दमले आहे.

लोभ आहेच, तो सध्या जरा जास्तच लागतोय.
तुझी नोरीन

बर्नी
१३ ऑगस्ट १९९३

चि. नोरीनला,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून आधी वाटलं, डॉक्टर प्रिंगलनीच लिहिलंय. चष्मा पुसून दोनदा वाचलं.

माझं ऐकशील तर घाई करू नकोस. ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे ऐन हिवाळा, या दिवसांत तिथे धडधाकट माणसाचाही जीव विटतो. आमच्या घराला मुकाट बसायची खोडच आहे, वडीलही असेच आठवडेच्या आठवडे बसत. त्याला गरम सूप दे, फाटकापर्यंत चार पावलं चालव. माझा गुडघा जरा वळायला लागला की महिनाअखेर मी येतेच, मग दोघी मिळून ठरवू.

आईचं विचारलंस. त्यावर लिहायला बसले की माझा हात चालत नाही. तेव्हाची इस्पितळं वेगळी होती, आताची वेगळी आहेत, सध्या एवढंच. मात्र नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं, अगदी बारीकसं का होईना, तर मला कळव. आणि तूही जेवत जा, नुसत्या चहावर दिवस काढतेस हे मला इथे बसून दिसतं.

माया आहे तशीच आहे, रागावले तरी.
बेरिल

करी
१८ ऑगस्ट १९९३

ती. बेरिलताईस,
सा. न. वि. वि.

सूप केलं, त्याने चमचाभर घेतलं. फाटकापर्यंत नेलं, तर तिथेच उभा राहिला, हाताला धरून परत आणावा लागला. मी कामावर असते तेव्हा माझे कान घराकडे असतात. काल कँटीनमध्ये पाव कापता कापता उभ्या उभ्या डोळा लागला. पोरं हसली.

आता एक गाऱ्हाणं ऐक. गेल्या आठवड्यात सोमवारी, तुला पहिलं पत्र टाकून घरी आले तर डेस आपणहून दाढी करून तयार! म्हणाला, मर्वच्या कुरणात वॉलबी, ते छोटे कांगारू, फार माजलेत, त्याला आपली बंदूक देऊन येतो. काडतुसंसुद्धा सगळी घेऊन गेला, आणि मर्वला म्हणाला परत करायची घाई नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, चला, शेजाऱ्याचं सुचायला लागलं म्हणजे गाडी रुळावर येतेय.

शनिवारी मर्व बंदूक परत घेऊन आला. त्याचं तुला माहीतच आहे, उसनी वस्तू आठवड्याच्या वर ठेवणार नाही, आणि आली तशी परत देणार नाही. नळी घासून लख्ख केलेली, लाकडाला तेल दिलेलं, पट्टा नवा, आणि वर दोन मोठे लॉब्स्टर. बंदूक बघून डेस पांढराफटक पडला. थँक्यू नाही, बस नाही, सरळ खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मर्व गेल्यावर मी त्याला फाडफाड बोलले, म्हटलं माणुसकी विसरलास का. त्याने माफी मागितली. बंदूक आता पुन्हा मोरीच्या दारामागे तिच्या जागेवर उभी आहे आणि लॉब्स्टर मी एकटीने खाल्ले.

डेसला तसं बोलायला नको होतं. डॉक्टरांनी परत विचारलं, मी म्हटलं, महिनाअखेर बेरिलताई येतील तोवर थांबू.

तुझ्या लोभावरच तग धरून आहे.
नोरीन

बर्नी
२१ ऑगस्ट १९९३

नोरीन,

आशीर्वाद-बिशीर्वाद आज राहू दे. तुझं पत्र अकराला हातात पडलं, पुढच्या पाच मिनिटांत मी मर्वला फोन केला आणि मग तुला. वॉलबींचं निमित्त करून मर्व बंदूक परत न्यायला का धावत आला, ते तुला आता कळेल. डेस शेजारी असल्यामुळे फोनवर तुला हो आणि नाही यापलीकडे बोलता येईना, म्हणून हे पत्र दुपारच्या विमानाच्या वैमानिकाकडे देते आहे.

अगं, मर्वच्या कुरणात वॉलबी तीस वर्षं चरताहेत, आणि मर्वकडे स्वतःच्या दोन बंदुका आहेत! डेसने बंदूक उसनी दिली नव्हती. ती त्याला स्वतःपासून लांब ठेवायची होती. तोंडाने मागता येईना म्हणून त्याने हातांनी मागितलं, आणि तुम्ही दोघांनी भलेपणाने ती पुन्हा त्याच्या घरात आणून ठेवलीत. तुम्हाला कशाला बोलू? थांब म्हणून सांगणारी मीच. मी चुकले, नोरीन.

आता आईचं. तिला कोणी उचलून नेलं नव्हतं. तिने स्वतः बॅग भरली होती. वडिलांना तिने तीनदा सांगितलं, मला इथून न्या, माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी डॉक्टरला बोलावलं. मग मला म्हणाले, डेसला सांग डॉक्टर घेऊन गेले. बायको आपणहून गेली म्हटलं तर लोक काय म्हणतील याची त्यांना लाज. मी सहा वर्षांच्या पोराला तसंच सांगितलं, आणि बेचाळीस वर्षं तेच चालू ठेवलं. आई आठ महिन्यांनी आली ती गप्पगप्पच होती, पण आली, आणि म्हातारी होऊन गेली. तो इस्पितळाला भीत नाही गं, माझ्या थापेला भितो आहे.

त्याला सरळ विचार, जीव द्यायचं मनात येतं का. विचारल्याने नसलेलं काही मनात शिरत नाही. हो म्हणाला तर वेळ आली. माझी वाट बघू नकोस, डॉक्टरांना लगेच फोन कर आणि त्याला क्षणभरही एकटा सोडू नकोस. हे पत्रही त्याला वाचायला दे. मग त्याने माझं तोंड बघितलं नाही तरी चालेल.

बेरिल

करी
२३ ऑगस्ट १९९३

ती. बेरिलताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. ट्रकमध्ये बसवलं, किनाऱ्यावर नेऊन उभा केला आणि समोरच्या काचेतून समुद्राकडे बघत विचारलं, कारण त्याच्याकडे बघून माझ्याने विचारवलं नसतं. तो हो म्हणाला. महिना झाला म्हणाला, रोज. मर्वकडे बंदूक ठेवण्याएवढंच जमलं, आणि ती चकचकीत होऊन परत आली तेव्हा वाटलं, आता यापुढे आणखी कसं मागायचं ते आपल्याला ठाऊक नाही. ताई, मी त्या दिवशी त्याला माणुसकी शिकवली होती! मी ओक्साबोक्शी रडले. तर त्याने आपल्या बाहीने माझं तोंड पुसलं.

तुझं पत्र त्याने दोनदा वाचलं. रागावला नाही. आईने कोणता कोट घातला होता, एवढंच विचारलं. मी म्हटलं, बहिणीलाच विचार. मग मी म्हटलं, डेस, मी वचन मोडते आहे. तो म्हणाला, कुठे मोडतेस, मला कोणी उचलत नाही, विमानाच्या पायऱ्या मी माझा चढेन.

डॉक्टरांना तिथूनच जाऊन भेटलो. बुधवारी सकाळच्या विमानाने निघायचं, तिकडे वॉर्डात खाट राखून ठेवली आहे. तोवर डॉक्टर दोनदा येऊन बघतील, आणि मर्व व मी आलटून पालटून त्याच्याबरोबर. मर्व पायरीवर बसून म्हणत होता, कोणी सांगितलं असतं तर बंदूक दहा वर्षं ठेवून घेतली असती. जॉयसने त्याला गप्प केलं.

लोक म्हणतील, आता तुला हलकं वाटत असेल. छे! नवऱ्याला टाकून यायला निघाल्यासारखं वाटतंय. विमानतळावर ये, गुडघा घेऊन.

लोभ असू दे, दोघांवरही.
नोरीन

बर्नी
१२ सप्टेंबर १९९३

प्रिय नोरीन,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा चुका काढू नकोस. जेवण बेचव आहे. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पत्त्यांत लबाडी करतो. पहिले आठ दिवस दाराला कुलूप होतं, आणि खरं सांगतो, ते बंद झाल्याचा आवाज ऐकून मला झोप लागली. बेरिल रोज लंगडत येते. आईचा कोट निळा होता म्हणाली.

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चार दिवस घरी जाऊन बघायचंय का. हो म्हणावंसं फार वाटलं. तू वाट बघत असशील, मर्वनेही माझं काम किती दिवस ओढायचं. पण सकाळच्या वेळी ते विचार अजून येतात. पूर्वीइतके नाहीत, पण येतात. म्हणून मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या ठीक आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा विचारते. मागायला इतकं सोपं असतं हे मला माहीतच नव्हतं.

तुला राग आला तर ये आणि समोर बसून रागव, मला चालेल. पण आज नको. माझ्यावर लक्ष ठेवायला इथे तीन पाळ्यांत माणसं आहेत. तुझी पाळी संपली, नोरीन. आता झोप.

तुझा
डेस