बिटरच्या चाखणीआधीचं सावजी जेवण

सर, तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली आणि तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. राग म्हणतो, पण खरं तर तो जळफळाट आहे, आणि तुमच्यापेक्षा माझ्या जोडीच्या त्या केमिस्टवरच जास्त. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या बाहेर आपला बिअरचा कारखाना, पांढऱ्या टाइलांची प्रयोगशाळा, तिथे तुम्ही मुख्य ब्रूअर, आणि तुमच्या हाताखाली आम्ही दोघे केमिस्ट, मी आणि पारशिवनीकडून आलेला तो. अख्खं नागपूर बर्फासारखी गार बिअर मागत होतं आणि तुम्हाला विलायतेत शिकलेली ती तांबूस, कमी दारूची, फारशी गार न करता प्यायची बिटर बिअर इथे करून बघायची होती. पहिली खेप तयार झाली तेव्हा तुम्ही आम्हाला एकेक घोट दिलात. मला ती किराईताच्या काढ्यासारखी कडू लागली, बस. तो मात्र डोळे मिटून घोट तोंडात घोळवतो आहे. "सर, आधी भाजलेल्या पावाची कड लागते," तो म्हणतो, "मंग संत्र्याची साल. अन् गिळल्यावर कडू येते, पन ते बसून राहते, जात नाही." तुम्ही त्याच्याकडे ज्या नजरेनं बघता, तसं माझ्याकडे चार वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. एमएस्सीत पहिला वर्ग माझा, आणि कौतुक त्याच्या जिभेचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्यापैकी एकाला सहा महिने शिकायला विलायतेला पाठवायचं होतं, आणि ते तुम्ही चाखणीवर ठरवणार होता. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा; तो वेगळा ओळखायचा. चाखणीच्या दिवशी तिखट नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही, हा तुमचा नियम. चाखणी तीनला होती. साडेबाराला मी त्याला म्हणालो, "आजची चाखणी उद्यावर गेली गा. चल, सावजीकडे जाऊ, माझ्याकडून."

"काहून? आज काय हाय?" त्याने विचारलं आणि खूश होऊन आला. लालभडक रस्सा, वर बोटभर तेलाची तर्री. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो आणखी मागत होता. पोट बरं नाही सांगून मी नुसता भात चिवडत बसलो.

परतलो तर तुम्ही ग्लास मांडून उभे. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, तेवढंच. तिन्ही ग्लास चाखले नि म्हणाला, "सर, मले आज काई कळून नाही राहिलं." तुम्हाला मसाल्याचा वास आला. "सावजी खाऊन आलास? आज?" सगळ्यांदेखत तुम्ही त्याला झापलंत. "चुकलं सर," एवढंच तो बोलला. माझं नाव घेतलं नाही. मी अंदाजपंचे एका ग्लासवर बोट ठेवलं, आणि तो बरोबर निघाला.

संध्याकाळी डबा विसरला म्हणून मी परत आलो, तर तुम्ही दोघे स्टुलांवर बसलेले. तुमच्या ग्लासातली अर्धी बिटर तुम्ही त्याच्या ग्लासात ओतत होता. "एक दिवस जीभ रुसली, म्हणून काय झालं," तुम्ही म्हणालात. विलायतेची जागा मला मिळाली होती, सर, आणि मला तो अर्धा ग्लास हवा होता. अजून हवा आहे.

तिकडे जाऊन सहा महिने मी पबात बसून बिटर प्यायलो. संत्र्याची साल मला एकदाही सापडली नाही. परत येऊन पुढे तुमच्या खुर्चीत बसलो, आणि रिटायर होईपर्यंत चवीच्या वहीत त्याचेच शब्द लिहीत राहिलो.

तुम्हाला पाठवायला पत्ता नाही. त्याचा आहे. इथेच नागपुरात, नंदनवन वस्तीत मुलाकडे असतो, इथून पायी अर्धा तास. खरं तर हे पत्र त्याच्याच हातात द्यायला हवं. देणार नाही. तो वाचेल, हसेल, "जाऊ दे ना गा," म्हणेल आणि सुनेला चहा टाकायला सांगेल. तो मोठेपणाही त्यालाच मिळावा, हे मला सोसणार नाही.