दहावा माणूस

पिंपरी, रविवार

तीर्थरूप बाबांना मिलकाचा शालोम.

मी ठीक आहे, कारखान्याच्या दवाखान्यातलं काम झेपतं, काळजी नको. तुमचा खोकला कसा आहे?

काल कारखान्याच्या झिराडकरसाहेबांकडे गेले होते. त्यांचा बेंजी तेरा वर्षांचा झाला, त्याचा बार मित्झवा होता. पहिल्यांदा सगळ्यांपुढे तोराची पोथी वाचायची. थाट काय विचारता! पुण्याहून केक आणला, पण प्रार्थनेला दहा पुरुष हवेत तर नऊच जमले. मी समोर उभी होते, पण बाई मोजतंय कोण? शनिवारी शब्बाथ म्हणून चूलही न पेटवणाऱ्या या धर्मात्म्यांनी मग त्याच दिवशी खडकीला मोटार धाडून दहावा उचलून आणला. तो बसल्या बसल्या घोरायला लागला. मोजला गेला मात्र!

बेंजी तिसऱ्याच ओळीला अडला. बाप छताकडे बघत बसला, बाकीचे पुस्तकात उगाच बोटं फिरवत होते. शेवटी दाराआडून मीच शेवटपर्यंत सांगत गेले. पाठ थोपटली ती बेंजीची. मला म्हणाले, "सिस्टर, जरा सरबताचं बघा."

बाबा, माझ्या बाराव्या वर्षी तुम्ही हेच माझ्याकडून घोकून घेतलंत, पण दार लावून. आपली धाकटी सिम्हाही आता बारा वर्षांची होईल. तिला शिकवाल तेव्हा दार उघडं ठेवा.

तुमची,
मिलका