डोळा मारायचा राहिला

असाबा, सोमवार, ३ नोव्हेंबर
नायजर नदीवरचा पूल ओलांडून सकाळीच पोचलो. खोली छान आहे, खिडकीशी आंब्याचं झाड. हात थरथरायला लागले म्हणून सुतारकाम सुटलं, आणि आता या वयात, सहावी शिकलेला मी, सिनेमात! उगोये, माझी बायको, हसून म्हणाली, की घरात मला विचारल्याशिवाय खोकत नाहीस, तिथे काय बोलणार? बोलायचं काहीच नाही, हे तिला सांगितलेलं नाही. मला मेलेल्या बापाचं काम आहे. शनिवारी घरी येतो असं वचन दिलंय. कडू पाल्याचं कालवण करून ठेवणार आहे ती.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
रंगभूषा करणाऱ्या उझोआमाकाने तोंडाला राख फासून बघितली, नाकात कापूस घातला. मग तिने नियम सांगितला. पापा, शवपेटीतून उठण्याआधी, कॅमेरा चालू असतानाच त्याच्यात सरळ बघायचं आणि एक डोळा मारायचा. सगळे मारतात. नाहीतर मरणाला ते खरंच वाटतं. तेवढा तुकडा मागाहून कापून टाकतात. दिग्दर्शक ओबिओरा म्हणाला, एरवी कुणी कॅमेऱ्याकडे बघितलं तर मी त्याचे कान उपटतो, मेलेल्याला तेवढी सूट.
मी दिवसभर सराव केला. उजवा मिटला की डावाही मिटतो. उझोआमाका म्हणाली, अहो पापा, या वयात कुणाला पटवताय?
हसलो खरा, पण काळजी वाटते.

बुधवार, ५ नोव्हेंबर
पेटीचे सांधे चांगले बसवले होते. सिनेमातली बायको खरोखरीची रडली. मी श्वास धरून पडलो. ओबिओरा ओरडला, झालं! मी डोळे उघडले, कॅमेऱ्याकडे बघितलं. लाल दिवा विझलेला. बॅटरी संपली होती.
पुन्हा करू या, मी विनवलं. ओबिओरा म्हणाला, पापा, मी बघितलं ना तुम्हाला, पुरे झालं. पण बघायला हवं होतं कॅमेऱ्याने. सगळे सामान भरून पुढच्या शूटिंगसाठी ओवेरी शहराला निघून गेले. गाडीत बसताना उझोआमाका माझ्याकडे बघेना.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
राख धुतली, जात नाही. कशाचाच वास येत नाही. घरमालकीणबाई आत आल्या, खाटेकडे बघून किंचाळल्या. मी तर खिडकीशी उभा होतो.
खाटेकडे बघायचं धाडस झालं नाही.

शुक्रवार
उगोयेला फोन लावला. कोण बोलतंय, कोण बोलतंय, एवढंच ती विचारत राहिली. मी ओरडत होतो—

शनिवार
वचन पाळलं. घरी आलो. अंगणात खुर्च्या मांडलेल्या. उगोयेचं डोकं भादरलंय. तरी कालवण केलंय तिने, माझं ताट वाढून ठेवलंय. मी समोर बसलो. तिने ताटावर झाकण घातलं.

तारीख कळत नाही
टीव्हीवर तो सिनेमा लागलाय. मी आत आहे, पेटीत. ही वही छातीवर, हातांखाली. काचेपलीकडे आमची खोली, एकटी उगोये. ती उठली, जवळ आली. काचेवर तळहात ठेवला—
अजून वेळ आहे. तिच्याकडे सरळ बघायचं. एकच डोळा. तिला कळेल, मी—
उजवा मिटतोय. डावा उघडा ठेवायचा, उगोये, फक्त डावा—