पंधरा मिनिटांची रोझरी

३ मे १९८१, रविवार

नव्या फादरांनी आज मिस्सा संपल्यावर टोपली फिरवली. आत चिठ्ठ्या! देवळात पाय न ठेवणाऱ्यांची नावं. एकेकानं एकेक उचलायची आणि ३१ तारखेपर्यंत त्या माणसाला देवाकडे आणायचं. म्हणाले, "उपदेश करू नका. त्यांच्या घरी जा, बसा, मैत्री करा. देव मैत्रीतून कळतो."

एवढ्याशा गोष्टीला अर्धा तास बोलले.

माझ्या चिठ्ठीत कोण? आलोशियस! कुंपणापलीकडचा. बायको इझाबेल वारलेली, स्वभाव हट्टी, कोंबड्या सगळ्या माझ्या वाडीत. एकोणीस वर्षं देवळात नाही. आळीतला क्रूस तर त्याच्या ओट्यासमोरच — मे महिनाभर आम्ही संध्याकाळी तिथे रोझरी म्हणतो, मरियेची जपमाळ. हा आत जातो आणि दार लावतो. का, ते ठाऊक नाही. विचारत बसायला वेळ कुणाला आहे?

४ मे

गेले. म्हटलं, "रविवारी देवळात ये." म्हणाला, "नाही." दोन मिनिटांत काम आटपलं.

६ मे

आमच्या आळीतल्या सालोमीच्या वाट्याला फर्डिनंड आलाय, तो पिणारा. ती त्याला रोज एका संताचं चित्र नेऊन देते. तो घडी करून खिडकीच्या फटीत खोचतो. आता खिडकी वाजत नाही. सालोमी म्हणते, "घेतो तरी!"

८ मे, शुक्रवार

क्रुसाकडे रोझरी मीच सांगते. तेवीस वर्षं झाली. पन्नासच्या पन्नास 'नमो मरिये', दहा-दहाच्या पाच फेऱ्या, पंधरा मिनिटांत! पलीकडच्या आळीत पाऊण तास लावतात, म्हणून तिथली माणसंसुद्धा आमच्याकडे येतात. मग उकडलेले चणे वाटायचे की घरी. उगाच सूर लावून काय होतं? देव बहिरा आहे का?

आलोशियसचं दार बंद.

११ मे

कोंबड्यांवरून भांडायला गेले. हा सुकेळी घालत होता — राजेळी केळी सोलून उन्हात मांडलेली. म्हणाला, "उभीच आहेस तर परतायला हात लाव." लावला. भांडण राहूनच गेलं. चहा दिला, नुसता साखरेचा पाक!

१४ मे

रोज जाते. फादर म्हणाले बसा, म्हणून बसते. देवाचं नाव मी काढत नाही, तोही काढत नाही. पण सुकेळीला आठवडा! रोज उन्हात घाला, परता, संध्याकाळी झाका. जीव जातो बघताना.

मी म्हटलं, "चुलीवर ठेव की, रात्रीत वाळतील."

"ऊन करतंय त्याचं काम. तू गप बस."

नवरा गेल्यापासून मला गप बस म्हणणारं कुणी नव्हतं. बरं वाटलं की काय? छे!

निघताना म्हणाला, "तुझ्या चिठ्ठीत माझंच नाव ना गं? आख्ख्या आळीला माहीत आहे. सालोमीपेक्षा बरी तू, चित्रं तरी आणत नाहीस."

१८ मे

घात केला मी.

आलोशियस सोपाऱ्याला बाजारात गेला. सांगून गेला, "आभाळ आलं तर सुकेळी झाक. बाकी काही करू नकोस." आभाळ आलं. म्हटलं, झाकून काय होणार, एकदाची वाळवून टाकू. त्याच्याच चुलीवर जाळी ठेवली, वर केळी पसरली, मोठा जाळ केला. कोंबड्या हाकलून येते तोवर कोळसा! सगळा घाणा!

आल्यावर ओरडेल वाटलं. ओरडला नाही. ओट्यावर बसला.

"तुला वाट बघता येत नाही, क्लेमेंटीन. केळ्याची नाही, माणसाची नाही. इझाबेलची तरी कुठे बघितलीस?"

मग बोलला. इझाबेलची मयत घरात होती तेव्हा रोझरी मी सांगितली. तो म्हणाला होता, "जरा सावकाश म्हण, तिची शेवटची आहे." आणि मी म्हणाले, "तिला आता काय फरक पडतोय? आवरू दे, ऊन झालं."

"बारा मिनिटं," म्हणाला. "माझ्या बायकोची पाठवणी तू बारा मिनिटांत केलीस."

मला यातलं काहीच आठवत नाही! त्याला मिनिटंसुद्धा आठवतात.

देवावर नाही रुसलेला तो. दार लावतो ते माझा आवाज नको म्हणून. देवळातही पुढच्या बाकावर मीच ना!

१९ मे

गेले नाही.

२० मे

गेले नाही. चहात साखर जास्त पडली. प्यायले तसाच.

२३ मे, शनिवार

राजेळीचा घड घेऊन गेले. ओट्याखाली उभी राहिले. अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही. म्हटलं, "चुकलं माझं. केळ्यांचं. आणि इझाबेलचं."

तो म्हणाला, "सोलायला बस."

सोलली. मांडली. शेवटी मीच विचारलं, "माफ केलंस का?"

"आठवडा लागतो," म्हणाला.

मेला थट्टा करतो की खरं बोलतो, कळत नाही!

२७ मे

केळी परतली. माफीचं पुन्हा विचारलं नाही. माझ्यासारखीला चार दिवस वाट!

३० मे

सुकेळी झाली. मधासारखा रंग. एक माझ्या हातावर ठेवली. चघळत बसले, घाईनं खाताच येत नाही ती.

म्हणाला, "उद्या शेवटची रोझरी ना? कोण सांगतंय?"

"मी. दुसरं आहे कोण?"

"हं."

३१ मे, रविवार

क्रुसापुढे उभी राहिले. मोठ्यानं म्हटलं, "आजची इझाबेलसाठी. उशिरा का होईना." आणि सावकाश सुरू केली. एकेक शब्द.

पहिल्या दहालाच सालोमीनं कोपर मारलं, "बरं वाटत नाही का गं?" मागून फर्डिनंड, "चणे आज मिळणार की उद्या?" त्याला तिनं काय सांगून आणलं देव जाणे.

अर्धी प्रार्थना मी सांगते, अर्धी लोक म्हणतात. तिसऱ्या दहाला लोकांच्या मागून एक जाडा आवाज आला. सगळ्यांच्या एक शब्द मागे. दार उघडल्याचं मला ऐकूच आलं नव्हतं. मी वळून बघितलं नाही. फक्त तो शब्द पुरा होईस्तोवर थांबत गेले, दर वेळी.

 

पन्नास मिनिटं लागली. चणे गार. तेवीस वर्षं म्हणतेय, पण त्या प्रार्थनेत काय आहे ते आज कानावर पडलं.

१ जून

चिठ्ठी परत द्यायला गेले. फादरांनी विचारलं, "आणलंत त्यांना देवाकडे?"

म्हटलं, "नाव चुकलं होतं तुमचं. मी सुधारलंय."

आलोशियस खोडून खाली क्लेमेंटीन लिहिलं होतं.