पाठमोरी खुर्ची

बोरी, ३ फेब्रुवारी १९९१

१. झरीहून परतताना जीपसमोर म्हैस आली.
२. नवऱ्याने, म्हणजे दिनकररावांनी, करकचून ब्रेक दाबला.
३. पाच महिन्यांची रेवा माझ्या मांडीवर होती. मी तिला दोन्ही हातांनी धरलं होतं.
४. तरी सुटली. कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं.

डॉक्टर म्हणाले, टेंगूळ आहे, बाकी काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "येलदरीची नोकरी सोड, न्हाईतर पोरगी माझ्यापाशी ठेव." नवरा जीप धुवायला गेला.

वीजकेंद्रात मी अभियंता. रजा अठराला संपते. दोन्हींपैकी काहीही सोडणार नाही.

५ फेब्रुवारी

नणंदेने अमेरिकेहून पाठवलेली बाळाची खुर्ची माळ्यावरून काढली. तिच्यात सासूबाईंचा लसूण! सोबतच्या कागदावर चित्र — गाडीचं तोंड पुढे, बाळाचं मागे. बरोबरच आहे. गाडी थांबते, बाळ पुढे जातच राहतं. तेव्हा डोकं, मान, पाठ एकदम टेकलेली हवी. हात पुरत नाहीत. परवा पाहिलं.

९ फेब्रुवारी

खुर्ची ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवली. तिचा पट्टा जीपच्या लोखंडी सांगाड्याला, चासीला, बोल्टने आवळला. जोर लावून हलवली — सरकत नाही.

सासूबाईंनी रेवाच्या पट्ट्याखाली जाड दुपटं कोंबलं. मी काढलं. दुपटं दबतं, पट्टा ढिला पडतो. आधी पट्टा, मग वरून दुपटं. हे त्यांना पटलं. तोंड मागे, हे नाही.

"घर सोडताना मागं बघत्यात व्हय? गेलेलं काम होत न्हाई."

१० फेब्रुवारी

सुचलं. जीप अंगणात तोंड आत करून लावायची आणि उलटी बाहेर काढायची. म्हणजे निघताना रेवाचं तोंड रस्त्याकडे!

सासूबाईंनी फाटकात उभं राहून खात्री केली. "आता बरुबर हाय."

"तुमच्या शास्त्रापायी माझी मान मोडायलीय," दिनकरराव.

१८ फेब्रुवारी

येलदरीला रेवासाठी ठेवलेली कुसुमबाई तिला कशी सांभाळते ते पाहायला सासूबाईही निघाल्या. आम्ही दोघी मागे.

जिंतूरच्या अलीकडे पुढचा ट्रक जागीच थांबला. तसाच ब्रेक. माझा ओठ फुटला. सासूबाईंचा चष्मा उडाला.

रेवा जागी झाली. तोंड आमच्याकडेच. आजीकडे बघून हसली.

सासूबाईंनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मलाबी असला पट्टा बसव."

वेळेवर कामावर हजर झाले.

२० फेब्रुवारी

सासूबाईंनी ठरवलं — त्या, रेवा आणि मी येलदरीच्या क्वार्टरमध्ये राहायचं. कुसुमबाई त्यांना पसंत नाही.

दिनकररावांच्या डब्यात मी चिठ्ठी ठेवली : तुम्हीही येणार का, ते शुक्रवारपर्यंत कळवावे.