मधल्या टीव्हीतले हात

२४ सप्टें. २०१४, कार्ल्सरूहे, जर्मनी
पीएचडीतून वेळ काढून म्युझियमचं फुटकळ काम धरलं, तर गाठ मिचिकोबाईंशी. जपानी शिल्पकार, ऐंशीच्या घरात, महाहट्टी. यांचं शिल्प म्हणजे लाकडी होडीत तीन जुने डबा टीव्ही आणि तिन्हींत यांच्या आईचे तांदूळ धुणारे हात. मधल्याची पिक्चर ट्यूब शेवटच्या घटका मोजतेय. क्युरेटर फ्राऊ के. म्हणतात, फ्लॅट स्क्रीन लावू. बाई म्हणतात, मग सगळं खोक्यात भरा, मी परत नेते. उद्घाटन ५ तारखेला.

२८ सप्टें.
मिरजेला बाबांना फोन. (टीव्ही दुरुस्तीत जन्म गेलाय.) "अगं, ट्यूबच्या हीटरला जास्त व्होल्टेज दे. तरतरी येईल. पण मग एकदम जाईल." बाईंना सांगितलं. विचार करते म्हणाल्या.

३ ऑक्टो.
दसरा. इथेही फायरटाग, म्हणजे सुट्टी, सगळं बंद. किल्ली माझ्याकडे. मीटर, सोल्डरिंग आयर्न मांडून हळदकुंकू वाहिलं, सुपरमार्केटातली शेवंती ठेवली. सवयीने बोटं मधल्या टीव्हीलाही लागली. मग उजेड पडला, ही कलाकृती आहे. पुसलं. कुंकू निघालं, हळद कसली निघतेय.

४ ऑक्टो.
फ्राऊ के.ना डाग दिसलाच. हातमोज्यांशिवाय कुणी शिवत नाही, तिथे मी मसाला फासलेला. मला घरी जायला सांगितलं. चूक माझी, तरी राग आलाच.
मिचिकोबाईंनी थांबवलं. हे काय, विचारलं. सांगितलं, वर्षभर राबवतो, एक दिवस अवजारांना हात जोडतो. त्या म्हणाल्या, त्यांची आई मोडक्या सुया टाकून देत नसे. वर्षातून एकदा देवळात नेऊन मऊ टोफूत टोचून यायची. जन्मभर जाड कापडात राबल्या, आता आराम.
"व्होल्टेज वाढवू नकोस. तिच्या वेळेने दमू दे. डागही राहू दे."
फ्राऊ के. "आल्झो" म्हणाल्या, म्हणजे बरं तर, आणि मला थांबू दिलं.

५ ऑक्टो.
उद्घाटन झालं. बाजूचे दोन टीव्ही लख्ख, पण लोक मधल्यापुढेच वाकून उभे. मला रडू आलं, उगाच माझ्या आईची आठवण. निघताना बाई म्हणाल्या, काळा पडला तरी बंद करू नका.

१८ नोव्हें.
बाईंची मेल. एकच ओळ, माझी आई कशी आहे? लॅब सोडून म्युझियममध्ये गेले. मधला पडदा काळा. बाबांचा उपाय अजून करता येईल, हात शिवशिवले. नाही केला. टीव्हीच्या पाठीवर तळवा ठेवला, हातमोजा न घालता. कोमट.
तेवढंच कळवलं, अजून ऊब आहे.