साध्या काचेचा चष्मा

बिबवेवाडी, पुणे ३७
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय उत्कर्षा,

तुझे पत्र आणि सोबतचा फोटो मिळाला. फोटोत तुम्ही चौघी जणी आहात आणि मागे पानगळ झालेली झाडे आहेत. तू केस कापल्याचे लिहिले होतेस, म्हणून मी कापलेले केस शोधले, तर ते तिघींचे निघाले. शेवटी बाबांना विचारले. त्यांनी बोट ठेवले, तेथे मी मागच्या बाजूने पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. आता चुकणार नाही.

इकडे सगळे ठीक आहे असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. तुझ्या लग्नाची निमंत्रणपत्रिका मी स्वतः आमच्या प्रेसमध्ये जुळवली, तीन वेळा तपासली, आणि ती अजून छापलेली नाही. गोपाळकृष्णकाकांनी थांबवली आहे. (तेजसचे वडील, तुझे होणारे सासरे, म्हणजे माझे कोण, हे मला नक्की ठरवता येत नाही, म्हणून काकाच म्हणतो.) घाबरू नकोस असे लिहिले तर तू जास्त घाबरशील, म्हणून सगळे क्रमाने लिहितो. मधले काही गाळून पुढे वाचू नकोस.

तू जुलैत अमेरिकेला गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला काका लक्ष्मी रस्त्यावर समोरून भेटले होते म्हणे. मी त्यांच्याकडे पाहिले आणि तसाच पुढे गेलो. नंतर ते आपल्याकडे आले तेव्हा आईला म्हणाले, "तुमचे चिरंजीव माझ्याकडे असे पाहून गेले, की मला वाटलं मी महापालिकेचा दिव्याचा खांब आहे." आईने नेहमीचेच उत्तर दिले, की याचा नंबर फार वाढलाय, परवाच दाखवायला नेणार आहे. आणि खरेच नेले. माझी जुनी फ्रेम मोडकळीस आली नव्हती, तरी नवी जाड काळी फ्रेम घेतली. काचा साध्याच. दुकानदार आता आईला ओळखतो, तो काही विचारत नाही.

तर मागच्या सोमवारी काका पत्रिका पाहायला प्रेसमध्ये आले. जिना चढतानाच तपकिरीचा वास आला, म्हणून मी उठून "या काका" म्हणालो. ते खूश झाले. खुर्चीवर बसले, खिसे चाचपले आणि म्हणाले, "चष्मा घरीच राहिला. दे रे जरा तुझा." लोक एकमेकांचा चष्मा असा मागतात हे मला माहीत होते, आपल्याकडे बाबाही आईचा मागतात. पण माझा आजवर कोणी मागितला नव्हता. मी काय करावे हे सुचेपर्यंत त्यांनी तो माझ्या नाकावरून काढूनही घेतला होता. घातला, पत्रिका लांब धरली, जवळ धरली, मग काढून उजेडात धरली आणि म्हणाले, "हा चष्मा आहे की खिडकी?"

दुसरे एखादे खोटे सांगता आले असते. काळजी करण्यात माझा दिवस जातो हे तू जाणतेस, तरी अशा वेळी लागणारे खोटे मात्र मी कधी तयार ठेवलेले नसते. म्हणून मी खरे सांगितले. तुला यातले पुष्कळसे माहीत आहे, पण त्यांना जसे सांगितले तसेच तुलाही लिहितो, म्हणजे आपल्या दोघांचे सांगणे एक राहील.

मी सांगितले, की मी नऊ वर्षांचा असताना बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा होतो, स्वारगेटजवळ गाडी घसरली आणि माझे डोके दुभाजकावर आपटले. कवटीतून रक्त काढावे लागले. शुद्धीवर आलो तेव्हा खाटेशेजारी आईच्या आवाजात बोलणारी एक बाई बसली होती, आणि मी तिला विचारले, आई कुठे आहे. त्या दिवसापासून मला चेहरे ओळखता येत नाहीत. डोळे, नाक, तोंड सगळे स्पष्ट दिसते, पण ते कोणाचे आहे हे कळत नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा तेवढाच भाग गेला, बाकी मुलगा शाबूत आहे. आईने "तेवढाच" ऐकले नाही. डोक्यात बिघाड म्हटले की लोक घराण्यात वेड शोधतात आणि घरात मुलगी आहे, असे तिचे म्हणणे होते. म्हणून चष्मा आला. दिसत नाही म्हटले की कोणाचा राग येत नाही. शाळेत गुरुजींना मी उद्धट वाटे आणि वाचून माझे डोके फार दुखे, तेव्हा आठवीनंतर शाळा सुटली.

काकांनी तपकिरीची डबी उघडली, पुन्हा बंद केली. म्हणाले, "मग आज मला कसं ओळखलंस?" मी म्हणालो, वासावरून. ते म्हणाले, "म्हणजे तपकीर सोडली की मी तुला परका." मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारले, तुझे चालते कसे. मी म्हणालो, चांगले चालते. मालकांनी छपाईचे शिशाचे खिळे मोडीत काढून कॉम्प्युटर आणले तेव्हा मराठीच्या कामाला मी शिकलो आणि टिकलो. रविवारी सिंहगड चढतो. मंडळाच्या कॅरमला मला कोणी भिडू म्हणून नाकारत नाही, समोरचा कोण हे ओळखावे लागत नाही, तो समोरच बसलेला असतो. यावर ते थोडे हसले असे वाटले.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, तुला सांगतो. आमच्या बाइंडिंगला द्वारका आहे. तिला मी दोन वर्षांपूर्वीच सगळे सांगून टाकले होते. ती म्हणाली, "म्हणजे मी गप्प बसले की गेले तुमच्या हिशेबातून." तेव्हापासून ती माझ्या टेबलाशी येताना दर वेळी आधी "मी द्वारका" म्हणते, दिवसातून कितीही खेपा झाल्या तरी. आता प्रेसमधले सगळे तिची नक्कल करतात, आणि त्यामुळे मला सगळेच ओळखू येतात. काकांना सांगण्याचे धैर्य मला बहुधा तेथून आले.

आणि तुझेही सांगितले. तू पहिलीत असल्यापासून माझ्यापुढे दोन पावले चालायचीस आणि समोरून कोणी येताना दिसले की लांबूनच ओरडायचीस, "कांताबाई, भाजी आणायला निघालात?" मग मी कांताबाईंना हात जोडायचो. सगळी बिबवेवाडी तुला वळणदार मुलगी म्हणायची. तू ते कोणासाठी करतेस हे आपल्या चौघांपलीकडे कोणाला कळले नाही. तुला तसे कर म्हणून कोणी सांगितलेही नव्हते.

मला वाटले, हे ऐकून काकांना बरे वाटेल. पण ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "हे तेजसला माहीत आहे?" मी म्हणालो, नाही. साखरपुड्यात त्यानेच माझ्याशी चष्म्याच्या नंबरावरून अर्धा तास गप्पा मारल्या होत्या आणि तू शेजारी उभी होतीस. काकांनी चष्मा घडी करून पत्रिकेवर ठेवला. म्हणाले, "डोक्याला मार कुणालाही लागतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तुझी बहीण त्याला रोज ई-मेल लिहिते आणि सख्ख्या भावाबद्दल खोटं सांगते, ते मला पचत नाही. तिनं स्वतः सांगू दे. मी सांगणार नाही. तोवर पत्रिका छापू नका." चहा अर्धा टाकून ते गेले. पुढे ते काय ठरवतील, तेजस काय म्हणेल, हे मला चेहऱ्यावरून कळण्यासारखे नव्हते, आणि काका तर पाठ फिरवून गेले होते.

मी संध्याकाळी घरी सांगितले. बाबा म्हणाले, "बरं झालं," आणि बराच वेळ कोपऱ्यात उभ्या असलेल्या छत्र्या नीट लावत बसले. त्या अपघातानंतर त्यांनी स्कूटर विकली आणि कंपनीच्या बसने जाऊ लागले, एवढेच त्यांचे त्याबद्दलचे बोलणे. आई म्हणाली, "एका काचेपायी पोरीचं लग्न मोडशील." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, बांगड्या जोरात वाजवते. तिचा राग आहे आणि भीतीही आहे. ज्या दिवशी मी तिला ओळखले नाही, तो दिवस ती अजून झाकून ठेवते आहे, असे मला हल्ली वाटते. मी तिच्यावर रागावलेलो नाही.

आई तुला येत्या रविवारी फोन करून सांगणार आहे, की तेजसला काही कळवू नकोस, काकांची समजूत आम्ही घालतो. तिची ही योजना मला समोर बोलून दाखवलेली नाही, भिंतीकडे पाहून बोलून दाखवली आहे. हे पत्र फोनच्या आधी पोचणार नाही याची मला कल्पना आहे. पण निर्णय तू एका फोनवर घेत नाहीस हेही ठाऊक आहे. म्हणून माझे म्हणणे लेखी कळवतो. तेजसला तू सांग. ई-मेलने नको, बोलून सांग. माझ्यासाठी खोटे बोलावे लागले असे मात्र सांगू नकोस, ते अर्धेच खरे आहे आणि त्याला ते ऐकू येईल. तो नको म्हणाला तर आई म्हणेल माझ्यामुळे झाले. तू तसे म्हणणार नाहीस, पण मनात आले तर मला लिही, मी ते वाचू शकेन. तो हो म्हणाला तर पत्रिका एका दिवसात छापून देतो, आणि लग्नात दाराशी मीच उभा राहीन आणि येईल त्याला सरळ नाव विचारीन. तू तेव्हा आत बोहल्यावर असशील, तुला माझ्यापुढे चालता येणार नाही. आणि काहीही झाले तरी जानेवारीत तुला घ्यायला मुंबईला सहार विमानतळावर मीच येणार आहे. चष्मा मी त्या सोमवारपासून घातलेला नाही. तू मला चष्म्याशिवाय पाहिल्याला फार वर्षे झाली, तेव्हा बाहेर आल्यावर गर्दीत तुला मी चटकन ओळखू येणार नाही. गोंधळू नकोस. तुझी पावले ऐकू आली की मीच लांबून तुझ्या नावाने हाक मारीन.

तुझाच दादा,
यज्ञेश्वर